अजापाँगच्या नावाची पानं

सोमवार, १२ जानेवारी

मिस्टर आमांक्वांनी मला ऑफिसात कुणावरही आवाज चढवायला महिनाभर बंदी केली आहे, म्हणून ही वही काढली. पोरांनी तक्रार केली म्हणे. आजकालची मुलं लगेच नोकरी सोडतात, जरा सांभाळून घ्या फ्रेमा, असं म्हणाले. सोडू देत! बोलायचं नाही तर लिहीन. साठवून ठेवण्याची मला सवय नाही.

तर आजचं. प्रसूतिगृहाची फाइल उघडली. इमारत एक, नकाशा एक. त्यातला कोणता भाग कोणत्या पानावर, किती मोठा छापायचा, त्याचा एकेक लेआउट. नीट ठेवले तर बावीस पानांचा संच होतो. आज फाइलीत एकतीस निघाले. एकाचं नाव 'नवीन'. शेजारी 'नवीन नवीन'. एकाचं नुसतं 'सोमवार'. कुठला सोमवार?

कॉलेजात आम्ही शाईनं काढत होतो. पान चुकलं तर ब्लेडनं खरवडायला लागायचं. त्यामुळे माणूस आधी विचार करायचा.

बुधवार, १४ जानेवारी

जे व्हायचं तेच झालं. कंत्राटदार दोम्फेचा साइटवरून फोन. रॅम्प ओतून झाला, पण वरचं टोक दाराशी जुळत नाही म्हणाला. कोणतं पान धरून ओतलात, विचारलं. तुम्हीच पाठवलेलं, म्हणाला.

खरं आहे. आम्हीच पाठवलं. संचात रॅम्पची दोन पानं गेली. एक नवं, लांब आणि सौम्य उताराचं. दुसरं अजापाँगचं, जागा अरुंद होती तेव्हाचं, चढ उभा. दोम्फेला आधी हाती आलं ते खरं वाटलं.

अजापाँग गेल्या जुलैत वारला. माझा उजवा हात होता तो. रॅम्पच्या दुरुस्त्या पोरांनी केल्या, पण त्याच्या पानाला हात न लावता. शेजारी नक्कल काढून! मूळ नकाशातही त्याच्या रेघा तशाच. नव्या पानावर फक्त झाकून ठेवलेल्या. का, म्हणून विचारलं तर सगळे आपापल्या पडद्याकडे बघायला लागले.

गुरुवार, १५ जानेवारी

आमांक्वांसमोर उभी होते. रॅम्प फोडायचा, पुन्हा ओतायचा. सुधारलेला संच तीस तारखेला साइटवर हवा. पुन्हा एक जरी जास्तीचं पान गेलं तर हे काम माझ्याकडून काढून घेतील. शांतपणे म्हणाले. तेच जास्त लागलं.

मला कामाचं नाही वाटत एवढं. त्या उतारावरून कळा देणारी बाई स्ट्रेचरवर न्यायची म्हणजे दोघांनी वरून ओढायचं. खालून कोण धरणार?

शुक्रवार, १६ जानेवारी

सकाळी लवकर जाऊन अजापाँगची सगळी पानं मी स्वतः पुसली. जेवून येते तो परत जागच्या जागी! आब्राफीनं जुन्या प्रतीतून काढून पुन्हा लावली होती. ही अजापाँगच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, दोन वर्षांपूर्वी त्यानंच इथे आणलेली.

तिला बोलावलं. आली, हात मागे बांधून उभी राहिली.

"मामाचा वारस अजून ठरलेला नाही, मॅडम. तोवर त्याचं काही मोडायचा हक्क मला नाही. तुम्हालाही नाही."

रीत मला शिकवते! माझे वडील गेले तेव्हा वारस ठरेपर्यंत त्यांच्या खोलीचं कुलूप कुणी उघडलं नव्हतं. खोली, कापड, बंदूक, सगळं समजू शकते. पण लेआउट?

दोन पेले पाणी प्यायले. ओरडले नाही.

सोमवार, १९ जानेवारी

दिवसभर वीज नाही. जनरेटर आमांक्वांच्या खोलीपुरता.

बुधवार, २१ जानेवारी

युक्ती काढली होती. त्याची पानं राहू देत, छपाईच्या यादीतून तेवढी वगळायची. सगळ्यांना दाखवलं, दोनदा. बोसोम्पेमनं मान डोलावली आणि नमुन्याचा संच छापताना सवयीनं 'सगळी पानं' दाबलं. उभ्या चढाचा रॅम्प पुन्हा माझ्या टेबलावर.

वर कुणीतरी जिन्याच्या पानाच्या चौकटीत माउसचं चाक फिरवून प्रमाण बिघडवलं आहे. चौकटीला कुलूप लावायला शिकवलं होतं मी. इमारत अर्धी पानाबाहेर!

शनिवार, २४ जानेवारी

पुसता येत नाही, वगळता येत नाही, तर वारसच ठरवून घ्यावा. अजापाँगच्या कुळाचे वडीलधारे, नाना, शनिवारी कुठे सापडणार? कुणाच्या तरी अंत्यविधीच्या मांडवात, आमच्याकडे ते शनिवारीच होतात. काळं कापड नेसून गेले. ढोल चाललेले, धुळीनं घसा कोरडा. रांगेतल्या सगळ्यांशी हात मिळवत मिळवत त्यांच्यापर्यंत पोचले.

लेआउट म्हणजे काय ते सांगताना घाम फुटला. शेवटी म्हटलं, कपाट समजा नाना, फळीफळीवर एकेक चित्र.

"किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"मग सहा महिने त्याचं कपाट तसंच ठेवून तू काय करत होतीस? आम्हाला येऊन सांगायला तोंड नव्हतं?"

शेजारचे म्हातारे हसले. घरात अजून ठरत का नव्हतं तेही कळलं. आमच्यात मामाचं सगळं बहिणीच्या मुलांकडे जातं; वारसाच्या जागी धरलेला भाचा, आब्राफीचा भाऊ, अक्राला टायर विकतो, येतो येतो म्हणतो आणि येत नाही. टायरवाला चित्रं घेऊन काय करील, असं नानाच पुटपुटले. मंगळवारी येतो म्हणाले.

मंगळवार, २७ जानेवारी

आले. काठी, दोन म्हातारे, श्नॅप्स दारूची बाटली. आमांक्वांनी स्वतः खुर्ची दिली. पूर्वजांसाठी ओतायचं कुठे? खाली फरशी, म्हणून दाराजवळच्या कुंडीत. बोसोम्पेम आणि बाकीचे न बोलावता मागे येऊन उभे राहिले.

नानांनी आधी रॅम्पचं पान बघायला मागितलं. बराच वेळ बघितलं.

"हा चढ माझ्याच गुडघ्यांना झेपणार नाही. बाळंतिणीला कसा झेपेल?" मग आब्राफीकडे वळून म्हणाले, "घर आणि शेत तुझ्या भावाचं. हे तुझं. मामानं केलेलं तुझं, आणि राहून गेलेलंही तुझं. सांभाळ."

ती संगणकापुढे बसली. एकेका पानाचं नाव मोठ्यानं वाचायची आणि पुसायची. मूळ नकाशातल्या त्याच्या रेघाही. मी कुंडीकडे बघत होते.

गुरुवार, २९ जानेवारी

संच बावीस पानांचा. बावीसच! मी मोजला, आब्राफीनं मोजला. ती आज आपण होऊन साइटवरही जाऊन आली. दोम्फेसमोर उभी राहून म्हणाली म्हणे, तो रॅम्प माझ्या मामाचा होता, फोडताना मी इथे थांबणार. थांबली. संध्याकाळी केसांत सिमेंटची धूळ घेऊन आली.

आणि एक. पोरं आता नक्कल काढण्याआधी तिच्या टेबलापाशी जातात. "आब्राफी, हे पान तुझं की माझं?" असं विचारतात! ती मान वरही करत नाही. 'माझं' किंवा 'तुझं', एवढंच. तेवढ्यावर जातात. बोसोम्पेमसुद्धा. मी नऊ वर्षं घसा फोडला, एकदा कुणी विचारलं नाही.

जिन्याची चौकट मात्र पुन्हा हलली होती. या वेळी कुलूप तिनं लावलं.

शुक्रवार, ३० जानेवारी

संच साइटवर गेला.

आज सुपूर्द केलं, आब्राफी हिला: प्रसूतिगृहाची फाइल, त्यातले बावीस लेआउट, छपाईची यादी, पासवर्ड. आमांक्वांनी काढून घेतलं नाही, मीच आपण होऊन दिलं. खरंच का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

घेताना तिनं एक अट लिहायला लावली. यापुढे या फाइलीत नवीन पान उघडायचं तर आधी तिला विचारायचं.

"तुम्हीसुद्धा, मॅडम."

सही केली.