गुडघा कुणी वाकवायचा?

अहो,

मी भूमच्या बाजाराला चाललेय, दुपारच्या एसटीनं येते. व्यायामाची वेळ झाली की तुम्हाला बरोबर झोप लागती, म्हणून लिहून ठेवतेय.

गुडघ्याची वाटी सारखी सरकायची म्हणून ऑपरेशन केलं. डॉक्टरनं तुमच्याच मांडीची नस काढून तिनं वाटी जागेवर बांधली अन् बजावलं, गुडघा रोज वाकवा, न्हायतर पाय काठीसारखा ताठ राहील. पण तुम्ही ऐकणार कुणाचं? बिस्किटपुडा घेऊन भेटायला येणाऱ्याचं! शेजारचे महारुद्र भावजी म्हणाले, "हलवू नको, तुटंल," की पाय लगेच उशीवर. उद्या ट्रॅक्टरचा क्लच दाबायला तेच येणार हायत का?

चहाचा थर्मास स्टुलावर ठेवलाय. पलंगाच्या कडेला बसून पाय खाली सोडल्याबगर हात पुरणार न्हाय. हळू सोडा, सुरुवातीला लई दुखंल. आईंना हाक मारू नका, मी त्यांना शपथ घातलीय.

अन् निघताना मी हाक मारली, तवा तुमच्या पापण्या हलत होत्या. तेवढा गुडघा हलवला असता, तर आज दोघं ट्रॅक्टरवर बाजाराला गेलो असतो.

शिवांजली