बाहेरच्या खोलीतली पुस्तके

मी, खाली सही करणारी, दातांची निवृत्त डॉक्टर, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. अक्षर मोठे आहे ते डोळे अधू झाले म्हणून. डोक्याबद्दल अजून कोणाची तक्रार नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर सामानासह माझ्या मुलाला मिळावे. तो एकुलता एक आहे, वाद घालायला कोणी नाही. तरी तो भिंतींशी घालेल.

२. बँकेतील ठेवी मुलगा व सून यांना निम्म्या-निम्म्या. सुनेचा वाटा तिने स्वतःवरच खर्च करावा. त्यातून घराला रंग काढू नये.

३. दवाखान्यातील खुर्ची, दिवा व अवजारे माझ्या मदतनीस बाईंच्या मुलीला. ती आता दातांची डॉक्टर आहे. दाढ काढायचा जुना चिमटा मात्र तिने वापरू नये. तो फक्त माझेच ऐकतो.

४. पेशंट बसत ती दवाखान्याची बाहेरची खोली, पुस्तकांच्या कपाटासह, माझ्या नातीला, भिंगरीला. ती सज्ञान होईपर्यंत खोली मदतनीस बाईंनी सांभाळावी. मुलाला ही खोली भाड्याने द्यायची होती, म्हणून कारण लिहिते.

भिंगरीला पुस्तक दिसले की पोटात दुखायचे. वर्गात मोठ्याने वाचताना ती अडखळली की मुले हसत. घरी बाप समोर बसवून वाचून घेई आणि प्रत्येक गोष्टीनंतर विचारी, यातून काय शिकलीस? तो वाईट बाप नाही. मुलगी मागे पडेल या धास्तीने त्याची झोप उडाली होती. मी मध्ये पडले, तर म्हणाला, आई, तू दात बघ.

सुट्टीत ती माझ्याकडे असे आणि कपाटाकडे पाठ करून बसे. एके सकाळी एक चिमुरडा आला. दाढ ठणकत होती, पण तोंड उघडेना, आईला सोडेना. मी भिंगरीला म्हटले, माझी तयारी होईपर्यंत याला काहीतरी वाचून दाखव.

"मला नीट येत नाही, आजी."

"त्याला तर मुळीच येत नाही. चुकलीस तर कळणार कोणाला?"

तिने माकडाचे चित्र असलेले पुस्तक काढले. अवघड शब्द खुशाल गाळले, चित्रे बघून मनाची भर घातली. पोरगा रडायचा थांबला. दाढ काढून झाल्यावर गाल धरून पुन्हा तिच्याशेजारी येऊन बसला. तो घरी गेला तरी ती वाचतच होती, कारण माकडाचे पुढे काय झाले ते तिलाही ठाऊक नव्हते.

संध्याकाळी बाप आला, खूश झाला आणि त्याने नेमका तोच प्रश्न विचारला. पुस्तक मिटले. पुढे बरेच दिवस तिने कपाटाला हात लावला नाही.

मग एकदा तो तिला न्यायला आला, तेव्हा तिचा मदतनीस बाईंशी पत्त्यांचा डाव रंगला होता. वाट बघून कंटाळलेल्या माझ्या मुलाने समुद्री चाच्यांचे एक पुस्तक उघडले. थोड्या वेळाने भिंगरी चपला घालून समोर उभी राहिली.

"बाबा, चल."

"थांब जरा, एवढं पान होऊ दे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग चपला काढून शेजारी बसली आणि त्याच्या दंडाला टेकून तेच पान वाचू लागली. त्या दिवसापासून त्याचे विचारणे बंद झाले.

५. खोली कोणत्याही मुलाला खुली असावी. नावडलेले पुस्तक अर्धे सोडायची मुभा असावी. घरी नेलेले परत आले नाही, तर कोणी शोधाशोध करू नये.

६. हल्ली दुपारी भिंगरी मला एक जाडजूड कादंबरी वाचून दाखवते. ती अर्धी राहिली आणि मी गेले, तर केवळ माझ्यासाठी तिने ती पुरी करू नये. स्वतःला ओढ लागली तरच करावी. काल ऐकताना मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा ती मनातल्या मनात वाचत बरीच पाने पुढे गेली होती. मी डोळे मिटून तशीच पडून राहिले.

लिहून देणार: दातांची डॉक्टर (सही)

आमच्यासमक्ष सही झाली:
शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले (सही)
माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई (सही)

स्थळ: दवाखान्याची बाहेरची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर