गंजीचं चित्र आणि तुझा उजवा हात

प्रिय दादा,

तुझ्या तेराव्याच्या पंगती उठत होत्या आणि कुरिअरवाला दारात आला. तुझ्या नावाची लांब नळी. मरायच्या आधी आणखी एक चित्र मागवून ठेवलं होतंस. सही मी केली, म्हणून पत्रही मीच लिहितोय.

पहिलं चित्र आठवतं? फ्रान्समधल्या शेतातली गवताची गंजी, ऊन नुसत्या ठिपक्यांनी मांडलेलं. कापसाच्या कागदावर छापलेली प्रत, शंभर वर्षं रंग न उडणारी.

"गंजी तर आपल्या कळंबात फुकट दिसते," मी म्हणालो.

"दिसते. पण तू बघतोस कुठं?"

तू शाळेत चित्रकला शिकवायचास, मी साप्ताहिकातल्या विनोदी सदरात तालुक्याची सालटी काढायचो. दोघांनाही आपलाच धंदा मोठा.

ते चित्र फ्रेमला टाकायला तू मला नारायणगावला पाठवलंस आणि मी ते लॅमिनेट करून आणलं. आपल्याकडं जपायचं म्हणजे प्लास्टिकमध्ये घालायचं: सातबारा, मार्कशीट, खंडोबा. फोटोवाला म्हणाला, "भाऊ, आता पाण्यात बुडवा, काय व्हनार न्हाई." चांगलंच करायला गेलो होतो रे.

मशीनच्या गरम रुळाखाली चित्रातल्या तुझ्या उन्हाला फोड आले होते. ते बघून तू वर्गातली लोखंडी पट्टी उचललीस आणि माझ्या तोंडावर घातलीस. दात तुटून जिभेवर आला. तेव्हा गप्प बसलो असतो तर? पण दारामागं कुदळीचा दांडा होता. पहिल्या फटक्याला तू उजवा हात आडवा धरलास. वाळकं लाकूड मोडावं तसा मनगटाचा आवाज आला. तरी मी दुसरा घातला. तिसराही घातला असता, वहिनींनी दांडा ओढून घेतला म्हणून वाचलास.

दवाखान्यात तू सांगितलंस, "फाट्यावर गाडी घसरली, डॉक्टर." गावालाही तेच. "मास्तर, गाडी दमानं चालवा राव," लोक म्हणायचे आणि मी शेजारी बसून मान हलवायचो. खोटं बोलायला तुला कुणी सांगितलं होतं? पोलिसांत गेला असतास तर मला बरं झालं असतं.

हाड वाकडंच जुळलं. तुझी चित्रं थांबली, विकत घेतलेली वाढत गेली. अख्ख्या तालुक्याचं खोटं चव्हाट्यावर मांडणारा मी, घरातलं एक गिळून बसलो.

वहिनी आता सगळी चित्रं शाळेला देणार आहेत. काल म्हणाल्या, "भाऊजी, शाळंतल्या कार्यक्रमात तुमीच बोला. लई जीव व्हता त्यांचा तुमच्यावर." बोलताना माझ्याकडं बघत नव्हत्या.

नळी उघडली. नदीकाठची झाडं आहेत, वाऱ्यानं वाकलेली. हात धुऊन, कडांना धरून बघितली आणि परत आत ठेवली. फ्रेमवाला पुण्यात शोधीन.

शाळेत उभा राहीन तेव्हा कुणाला हसवणार नाही. तुझ्या वर्गातल्या पोरांना सांगेन की मास्तरांची गाडी कधी घसरलीच नव्हती, तो हात मी मोडला. मग त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणू दे.

तुझा धाकटा,
दिलीप