फोटोपुढची मेणबत्ती

दादा,

हे मी तुला पाठवणार नाही. वेल्डिंगच्या कामाला म्हणून परदेशी गेलास आणि आता बॉम्ब पडतात म्हणून तळघरात बसून आहेस, त्यात हे कशाला.

आपल्या सरावलीच्या चाळीतल्या हेतलने 'युद्ध थांबवा' अशी मोहीम काढलीय. मला म्हणाली, "उत्कर्षा, तुझा भाऊ तिकडेच अडकलाय ना, त्याचा फोटो दे." मी निळ्या शर्टातला दिला. तिने त्याच्यापुढे मेणबत्ती लावली, मागे रडकं गाणं टाकून व्हिडिओ सगळीकडे पाठवला. लाखभर लोकांनी बघितलं, हात जोडले. तुझा फोन लागतो का, हे एकानेही विचारलं नाही.

उमरोळीच्या मावशीनेही ते बघितलं. सकाळीच पिठलं-भाताचा डबा घेऊन दारात हजर. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून. आईच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. तुझा फोन लागेपर्यंत आई भिंत धरून उभी होती.

मी हेतलला म्हटलं, तो व्हिडिओ काढून टाक. तर म्हणते, "अगं, आत्ता कुठे चालायला लागलाय. तिथे काय होतंय ते लोकांना कळायला नको?"

इथे काय झालं ते कोणाला कळवू?

काल तू फोनवर विचारलंस, आई एवढी का खोकते. मी म्हटलं, कंपन्यांचा धूर. खरं म्हणजे हल्ली ती दार सताड उघडं टाकून मिरचीची फोडणी देते. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळावं, या घरात चूल पेटते.

तुझी वाट बघणारी,
उत्कर्षा