माझं भाषांचं दान

६ जून २०२२, सोमवार

पवित्र आत्म्याच्या सणाआधीचा आठवडा सुरू. रोज संध्याकाळी दोन तास प्रार्थना. ज्यांना अन्य भाषांचं दान, म्हणजे आत्म्यानं भरून कधी न शिकलेल्या भाषेत बोलणं, अजून मिळालेलं नाही त्यांनी पुढच्या बाकापाशी गुडघे टेकायचे. ज्यांना मिळालंय त्यांनी भोवती उभं राहून त्या भाषेत मोठ्यानं प्रार्थना करायची. बायकांकडे पुढाकार अर्थातच माझा. पाळकाची बायको ना मी!

मंडळीतल्या सवेताला आज पुन्हा दर्शन झालं. गेल्या महिन्यात देवानं तिला स्वयंपाकघराच्या पडद्यांचा रंग सांगितला होता. एवढ्या जगाचा कारभार सांभाळून त्याला पडद्यांना वेळ मिळतो, हाच खरा चमत्कार. पडदे हिरवे आहेत. घाण दिसतात.

७ जून

कासियाना यंदाही पुढच्या बाकापाशी. लागोपाठ पाचवं वर्ष. चोवीस वर्षांची पोर, दिवसभर शिलाई करते आणि संध्याकाळी इथे येऊन रडते. बायका म्हणाल्या, काहीतरी पाप लपवलं असेल हिनं. पाप! ही मांजराला हाकलतानाही त्याची माफी मागते.

आणि मी? इथे लिहायला हरकत नाही, वही चहाड्या करत नाही. एकतीस वर्षांपूर्वी त्याच बाकापाशी माझी तिसरी संध्याकाळ होती. पाय बधिर, डोक्यावर चार बायकांचे हात, आणि दान मिळाल्याशिवाय उठायची सोय नाही. आजी तिच्या डोंगराकडच्या बोलीत काहीतरी पुटपुटायची. मी सात वर्षांची असताना ती गेली, अर्थ विचारायचा राहिलाच. तेच आठवलं. डोळे मिटून भराभर म्हणून टाकलं. हालेलुया! तेव्हापासून तेच एक वाक्य उलटसुलट करून वापरते आहे.

अन्य भाषेत कोणी बोललं की कोणाला तरी अर्थ सांगावा लागतो, तोही आत्मा सुचवेल तसा. त्या संध्याकाळी निकिफोर उभा राहिला. तेव्हा तो पाळक नव्हता, कान लाल होणारा पोरगा होता. म्हणाला, ‘भिऊ नकोस. मी तुझ्याबरोबर आहे.’ मी ढसाढसा रडले. हिवाळ्याआधी आमचं लग्न झालं. तेव्हापासून माझ्या भाषेचा अर्थ तोच सांगतो.

८ जून

आज ओरिना आली. सीमेपलीकडच्या डोंगरातली. मार्चपासून लेकीला घेऊन आमच्या मागच्या खोलीत राहते, नवरा तिकडे लढाईवर. निकिफोरनं बोलावलं म्हणून भिडेनं आली, मागे बसली.

कासियानाच्या डोक्यावर हात ठेवून मी आवाज चढवला. एक डोळा किलकिला केला तर ओरिनानं रुमालाचं टोक तोंडात कोंबलेलं, खांदे हलताहेत. बायका हळहळल्या, रडतेय बिचारी! तीन महिने एका चुलीवर जेवतोय आम्ही. ती रडते कशी, मला माहीत आहे.

९ जून

बटाटे सोलताना विचारलं. तिला आमची भाषा येते, मोडकीतोडकी. आधी नाही नाही म्हणाली. मग—

“रागावू नका हं मावशी. ‘अगं मेले, बस अंड्यांवर, नाहीतर कोल्ह्याच्या पोटात जाशील.’ आमच्याकडे कोंबडीला असं म्हणतात. पण तुम्ही अगदी मनापासून म्हणत होता.”

एकतीस वर्षं! किती लग्नं, किती बाप्तिस्मे! म्हाताऱ्या पँटेलिमोनच्या शवपेटीवर हात ठेवून मी त्याला अंड्यांवर बस म्हणाले! हसता हसता खाली बसले. मग हसू थांबलं ते थांबलंच. ओरिना म्हणाली, कुणाला सांगणार नाही. नाहीच सांगणार ती. पण आता मला माहीत आहे ना.

१० जून

पोट दुखतंय सांगून प्रार्थनेला गेले नाही. नंतर खरंच दुखलं.

११ जून, शनिवार

सकाळी कासियाना चेरी घेऊन आली. दारातच उभी राहिली.

“मावशी, देवाला मी नकोशी असेन तर सांगून टाका. मग उद्यापासून येणार नाही मी. तुम्हाला कसं मिळालं होतं?”

उद्या सांगते म्हणाले, चेरी ठेवून घेतल्या. लाज वाटली.

खरं बोलले तर निकिफोरची अब्रू जाईल. गप्प बसले तर ही पोरगी जाईल. आणि माझी भीती त्याहून क्षुद्र आहे. त्यानं लग्न त्या दानाशी केलं. दान नाही म्हटल्यावर माझं काय उरतं?

दुपारी अंगणात तो मधमाश्यांच्या पेटीची चौकट ठोकत बसला होता. सगळं सांगितलं, कोंबडीसकट. त्यानं हातोडी खाली ठेवली. उठला, फाटकाबाहेर गेला. जेवायला आला, जेवून झोपला.

१२ जून, रविवार. सण.

सकाळी टाय बांधताना बोलला. माझी ओळख होण्याआधी दोन हिवाळे तो वर डोंगरात लाकूडतोडीला होता. आजीची ती बोली त्याला येते, मला कधी कळू दिलं नाही. त्या संध्याकाळी माझा शब्द न् शब्द त्याला कळला होता.

“मी उठलो होतो ते, हिला सोडा, घरी जाऊ द्या, एवढंच सांगायला. तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. कुठून आलं, अजून कळलेलं नाही.”

आज मंडळीसमोर आम्ही दोघंही बोलणार आहोत, कासियाना पुढच्या बाकापाशी जायच्या आत. मी विचारलं, आणि त्यानंतर तू सांगितलेले ते सगळे अर्थ?

“ते सगळे मी जुळवले, मिनोदोरा. तो पहिला नाही.”