धूपगड आणि माहे पांढरे बूट

१ नोव्हेंबर, सकाळ
नातीच्या, अंकिताच्या, उरलेल्या वहीत लिहून राह्यली. मी चौथीपर्यंतच शिकली, पण अक्षर तिच्यापेक्षा बरं हाय. अंकिता म्हणे, आजी, तुले पचमढीले नेईन. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात धूपगड हाय, साऱ्या सातपुड्यात सगळ्यात उंच. मी पायी चढीन. शेजारची कोकिळा महादेवाले वाहाचा त्रिशूळ घेऊन तिथलाच चौरागड चढली, त्याले वीस वरसं झाली, अजून सांगताना दम टाकते. आता तिचं तोंड बंद. पुऱ्या गल्लीत सांगून आली.

४ नोव्हेंबर
अंकितानं बूट आणले. पांढरे, पायात ससे बसल्यावाणी. कोकिळा म्हणे, रुख्मे, फाटकापर्यंत तरी चालून दाखव. जळते. उद्यापासून पहाटे पाचले सराव.

५ नोव्हेंबर, सकाळी ९
पाचले थंडी होती. उद्यापासून.

९ नोव्हेंबर
सरावाले गिरडच्या टेकडीवर गेली. बूट मळतील म्हणून घातले नाई. चपलेनं घसरते. मंग खालीच बसून चढ नीट पाहून घेतला. संगं भजे, दोन प्लेट. दम अजिबात लागला नाई.

१३ नोव्हेंबर
गच्चीच्या पायऱ्या दहा वेळा चढाच्या होत्या. एकदा चढली. वर पापड वाळत होते, पाखरं हाकलत तिथंच बसली. उंचीची सवय झाली.

१९ नोव्हेंबर, पचमढी
जिप्सीवाला म्हणे, अम्मा, गाडी ऊपर तक जाती है, पैदल कोई नहीं जाता. मले लय वाईट वाटलं. पटकन पुढच्या सीटवर बसली, तिथंच बूट घातले. वर गेल्यावर सूर्य बुडताना पाहाले पन्नास पावलं चालाचं होतं. पण पिशवीत तिळाचे लाडू, आन माकडं टपलेली. कोणीतरी गाडीत थांबलंच पाह्यजे. मी थांबली. सूर्य माकडाच्या कानाजवळून दिसला, लालभडक. मन भरून आलं. लाडू वाचवले. चार मी खाल्ले.

२२ नोव्हेंबर
गल्लीत चढाई सांगून राह्यलती, माकडापर्यंत आली होती. कोकिळानं माहा बूट उचलला, उलटा केला, सगळ्यायले दाखवला. तळव्याले दुकानातलं नंबरचं स्टिकर, कोरं करकरीत. म्हणे, रुख्मे, पहाड चढली का उडत गेली? साऱ्या हासल्या. मी बी.
सांगितलं, भारी कंपनीचं स्टिकर हाय, पहाडावर बी निघत नाई.
उद्या तिले गिरडले नेऊन भजे खाऊ घालीन. तेवढा वेळ तरी तोंड बंद.