कोंबडीच्या तोंडी मैनाबाई

५ जानेवारी, रविवार
संकल्प: मोठ्यांसाठी ॲनिमेशन फिल्म. अकरा मिनिटं. नायिका कोंबडी, फाटक्या तोंडाची. सिद्धांत साधा. माणूस आधी दचकतो, मग हसतो. फेब्रुवारीत अकोल्याला लघुपट महोत्सव आहे. तिथे हॉल हसला की शाळेतली ड्रॉइंग मास्तरकी सोडणार. प्राजक्ताला सांगितलं. ती म्हणाली, आधी दळण आणा. बायकोला कलेची दृष्टी नाही. दळण आणलं.

१२ जानेवारी, रविवार
कोंबडी ओकते. गाढवाचा पायजमा सुटतो. सरपंच शेणात तोंडघशी. मिनिटाला एक शॉक. प्राजक्ताला दाखवलं. ती वाटाणे सोलत होती, सोलतच राहिली. म्हणाली, गाढवाने मुळात पायजमा घातलाच कशाला? निष्कर्ष: आवाज नाही म्हणून परिणाम नाही.

१४ जानेवारी, संध्याकाळ
स्वतःच्या आवाजात शिव्या रेकॉर्ड केल्या. हजेरी घेतल्यासारख्या वाटतात. इथे खरा कलावंत हवा.

गल्लीच्या तोंडाशी मैनाबाई भाजीची गाडी लावते. तिच्यासारखी शिवी अख्ख्या अमरावतीत कोणी देत नाही. मी सहा वर्षांचा असताना आई गेली. तेव्हापासून मैनाबाईने मला पोळी आणि शिव्या, दोन्ही पोटभर दिल्या. अजूनही मला 'मुडद्या'च म्हणते.

१९ जानेवारी, रविवार
मैनाबाईला माइकपुढे बसवलं. तिने पदर सारखा केला आणि माइकला नमस्कार केला. दीड तासात एक शिवी नाही. फार विनवण्या केल्यावर म्हणाली, "राग आल्याबिगर शिवी कशी येईन रे? अन् देऊ कोणाले, या डब्याले?"

मोठ्या कलावंतांना मूड लागतो. तो आणणं दिग्दर्शकाचं काम.

२२ जानेवारी, बुधवार
फोन खिशात, रेकॉर्डिंग चालू. तिचे सात-आठ टमाटे अंगठ्याने दाबले.

"मुडद्या, भैताडा, शाळेतले पोट्टे सोडून माया टमाट्याइच्या मांग काहून लागला?" इथून सुरुवात. पुढचं इथे लिहीत नाही, वही प्राजक्ताच्या हाती लागायची. चार मिनिटं, एकही शिवी दोनदा नाही. गल्ली हसत होती, मीही हसत होतो. शेवटी फुटके टमाटे तिनेच माझ्या पिशवीत घातले आणि चटणी करून खा म्हणाली, वाळलोय म्हणे मी.

सोनं मिळालं. तिला विचारलं नाही. सरप्राइज.

१५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ, एसटीत
मैनाबाईला सोबत घेतलं. एवढंच सांगितलं की माझा सिनेमा आहे. नवं लुगडं नेसून आली. निघताना प्राजक्ताने विचारलं, तिला सांगितलंय ना सगळं? म्हटलं, कलेत सगळं सांगायचं नसतं. मैनाबाई कंडक्टरला सांगतेय, "माया पोराचा सिनेमा लागून राहिला." बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

तोच दिवस, परतताना, मूर्तिजापूर गेलं
विजय! कोंबडी ओकली तेव्हा हॉल गप्प होता. गाढवाच्या वेळी पुढच्या रांगेत जांभई. सरपंच शेणात पडला तेव्हा दोघं पाणी प्यायला उठले. पण कोंबडीने तोंड उघडलं आणि हॉल फुटला. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते.

कोण बोललं म्हणून मैनाबाईने आधी मागे वळून पाहिलं. मग पदर तोंडापर्यंत ओढला. लाजली. नंतर परीक्षक बाईंनी विचारलं, आवाज कोणाचा, आणि त्यांना माहीत होतं का? मी मैनाबाईला उठून उभी राहा म्हटलं. ती उठली नाही. हॉलही गप्प झाला. सगळेच भारावले असावेत. बसमध्ये ती अजून एक शब्द बोललेली नाही. प्रसिद्धी पचायला वेळ लागतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मैनाबाई आज मला 'मास्तर' म्हणाली. शिवाय 'तुमी'. तीस वर्षांत पहिल्यांदा. मान वाढला. उद्या राजीनामा.

२० फेब्रुवारी, गुरुवार
राजीनामा राहिला. हेडमास्तर रजेवर. (मंगळवारी होते. पण घाईत दिसले.)

आज टमाटे दाबले, चांगले दहा-बारा. "घ्या मास्तर, आवडन ते घ्या," म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. प्राजक्ता म्हणते, माफी मागा. कशाची? तिला मी अकोल्यापर्यंत पोचवलं.

भाजी आणायला आता प्राजक्ताच जाते. मला वेळ नसतो.

२३ फेब्रुवारी, रविवार
सकाळी कोपऱ्यावरून हसण्याचा आवाज आला. रिक्षावाल्या नबीने गाडीपुढेच रिक्षा लावली होती आणि मैनाबाई त्याचा उद्धार करत होती. नबी पोट धरून हसत होता. नव्या शिव्या होत्या, मी कधी न ऐकलेल्या. मी धावतच गेलो. फोन घरी ठेवून गेलो होतो, दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

ती थांबली. स्टूल पदराने पुसलं. "या जी मास्तर. बसा."

"मैनाबाई, चुकलं माझं," म्हटलं.

"तुमचं काहून चुकन जी? तुमी शिकेल माणसं."

स्टुलावर बसलो. नबीने रिक्षा हलवली. बाकीचे भाजी निवडत राहिले. बराच वेळ वाट पाहिली. माझ्यापुढे कोणी काही बोलेना, म्हणून उठून घरी आलो.